तुमच्या पुण्यानुमोदनाला उंटांचा सिनेमा

बाबा, परवाच्या रविवारी तुमच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला मी विहारात कार्टून लावलं. हो, कार्टूनच, आणि तेही उंटांचं. पांढरे कपडे घालून आलेल्या आपल्या अर्ध्या बुवापाड्यासमोर, भर दुपारी चार वाजता. दादा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. विहार समितीचे अध्यक्षकाका तुमच्याच खात्यातले, रंगाच्या कंपनीत उभा जन्म तुमच्याबरोबर काढलेले. त्यांनी फोन करून सांगितलं की येत्या रविवारच्या बैठकीत लेखी माफीनामा दे, नाहीतर पुढल्या वर्षी तुझ्या बापाच्या कार्यक्रमाला हॉल मिळणार नाही. "पोरी, त्याला काय वाटलं असतं याचा तरी विचार करायचास," म्हणाले. विचार? एकोणीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि एकोणीस वर्षं मी चहात साखर घालतानाही तोच विचार करत आलेय. तेव्हा म्हटलं, माफी समितीकडे मागायची की नाही ते नंतर बघू, आधी तुमच्याशीच होऊन जाऊ दे काय ते.

तुम्हाला उल्हासनगरचा तो दिवस आठवत नसेल. मला आठवतो. मी पाचवीत. गणवेशाचं कापड घ्यायला आपण कॅम्प तीनच्या बाजारात गेलोय. तुम्ही दुकानदाराशी घासाघीस करताय आणि मला म्हणालायत, इथंच थांब, हलू नकोस. पण समोर टीव्हीचं दुकान आहे आणि काचेआड सात-आठ टीव्ही एकदम चालू आहेत, सगळ्यांवर एकच कार्टून. एक कोंबडी खांद्यावर शिडी घेऊन धावतेय, शिडीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा लटकलाय, आणि कोंबडी वळली की तो दर वेळी नव्या दारावर आपटतोय. मी हलले, बाबा. दुकानातल्या सिंधी शेटनं मला पाहिलं, "अरे बेटी, बाहर क्यों खड़ी है, अंदर आके बैठ," म्हणत स्टूल दिलं. मी बसले आणि पोट धरून हसले. किती वेळ, देव जाणे. तुम्ही देव मानत नव्हता, पण मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही आलात ते घामानं निथळत, अख्खा बाजार पालथा घालून. शेट म्हणाला, "साईं, बच्ची है, हँसने दो." तुम्ही माझं मनगट धरलंत आणि ओढत बाहेर काढलंत.

मारलं नाहीत. मारलं असतं तर मी विसरले असते. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "लोक आपल्यावर हसले तेवढं बास झालं. आपल्याला हसायला वेळ नाही. आपण शिकायचं." तेव्हा मला वाटलं होतं, मी हरवले म्हणून तुम्ही घाबरलात आणि त्याचा हा राग आहे. नाही, राग हसण्याचाच होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला शब्दकोश आणून दिलात, माझ्या दप्तरात मावेना एवढा जाड. कंपनीतून येताना छातीशी धरून आणला होतात. तुमच्या नखांतला पिवळा रंग कधीच जायचा नाही, तो त्याच्या पुठ्ठ्यावरही लागला होता. मी त्यातले रोज दहा शब्द पाठ करायचे आणि तुम्ही सेकंड शिफ्टला जायच्या आधी विचारायचात. चुकलं तर दुसऱ्या दिवशी वीस.

खोटं कशाला बोलू, त्या शब्दांवरच मी आज उभी आहे. एमएससी झाले. एमआयडीसीत लॅबमध्ये आहे, आता क्वालिटीची मॅनेजर. तुम्ही ज्या दारातून कार्ड पंच करून आत जायचात, तसल्याच एका दारातून मी जाते आणि वॉचमन उठून उभा राहतो. हे तुमचं आहे, सगळं तुमचं. पण माझ्या हाताखालच्या मुली मला पाठीमागे काय म्हणतात माहितीये? "मॅडम आली, तोंडं बंद करा." मी केबिनमधून बाहेर पडले की लॅबमधलं हसणं बंद होतं. हेही तुमचंच आहे, बाबा.

आता तो सिनेमा. तुमच्या नातीला, ती अकरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, शाळेच्या सुट्टीत बदलापूरच्या थिएटरात तो बघायचा होता. मी ऑफिसची फाईल घेऊन गेले. म्हटलं, ती बघेल, मी रिपोर्ट तपासेन. गोष्ट काय, तर वाळवंटातलं एक उंटांचं कुटुंब समुद्रकाठी येतं आणि बोट चालवायचा धंदा घेतं. एकालाही पोहता येत नाही. बाप उंट फार शिस्तीचा. बोटीवर नियमांची पाटी लावतो, शिट्टी गळ्यात, आणि मुलांना रांगेत उभं करून 'पाण्यापासून सावध कसं राहावं' यावर भाषण देता देता मागं मागं सरकत जातो आणि धप्पकन समुद्रात. वर येतो तेव्हा वशिंडावर मासा बसलाय, आणि हा पठ्ठ्या भाषण जिथं तुटलं तिथून पुढं चालू करतो, "तर मुद्दा क्रमांक चार!" बाबा, मी एवढी हसले की सोडा नाकातून आला. फाईल खुर्चीखाली पडली ती शेवटी सफाईवाल्या बाईनं आणून दिली. लेक सिनेमा सोडून माझ्याकडेच बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मम्मी, तू अशी हसतेस? मला माहीतच नव्हतं." चेष्टेनं नाही म्हणाली. खरंच माहीत नव्हतं तिला.

तुम्ही म्हणाल, त्यात आहे काय एवढं? सांगते. त्यात मरत कुणी नाही. दुष्ट कुणी नाही. बापाचं चुकतं, आईचं चुकतं, पोरं तर चुकण्यासाठीच जन्माला आलेली, आणि तरी संध्याकाळी सगळे एका ताटाभोवती बसून भांडतात. मुलं हसतात ती उंट पडला म्हणून. मोठी माणसं हसतात ती तो पडल्यावरही सूचना देत राहतो म्हणून. एकाच बाकावर बसून आई आणि लेक दोन वेगळ्या गोष्टींना हसतात आणि दोघींना वाटतं, आपण एकच काहीतरी बघितलं. आपल्या घरात असं एकदा तरी झालं का हो? आपल्या घरात पडणाऱ्याला उठवायचे आणि लगेच कारण विचारायचे, का पडलास. आणि खरं सांगू का, त्या बाप उंटाचा मला राग आला नाही. तो सगळ्यांना धाकात ठेवतो, पण पाण्यातून वर आल्यावर पोरं खिदळतायत हे बघून त्यालाही हसू फुटतं. तेवढंच करतो तो. तेवढं जमायला हवं होतं.

दरवर्षी तुमच्या दिवशी आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला कुठून कळणार. विहारात दोन्ही तसबिरींपुढे मेणबत्त्या लागतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग कुणीतरी व्याख्याते बोलावून 'शिक्षणाचं महत्त्व' यावर सव्वा तास, आणि शेवटी मुलांना वह्या. वह्या शेवटीच देतात, कारण आधी दिल्या तर मुलं पळतात. यंदा लेक सरळ म्हणाली, "आजोबांचा दिवस म्हणजे ते भाषण ना? मी नाही येणार." मला चपराक बसली. तुम्ही म्हणजे या पोरांसाठी न संपणारं भाषण झालायत, बाबा. म्हणून मी काकांना फोन केला, यंदा व्याख्याता नको, मुलांसाठी सिनेमा लावू. ते लगेच हो म्हणाले, खूश झाले. मी कुठला ते सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. विहारात सिनेमा म्हणजे कसला असणार, हे आपल्या माणसांनी गृहीतच धरलेलं असतं. काकांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पुण्यानुमोदनानिमित्त प्रबोधनपर चित्रपट', आणि तोच फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. मी तो आदल्या दिवशी पाहिला. फोन करून सांगता आलं असतं. नाही केला. ती माझी लबाडी आहे, ती मी मान्य करते.

दादाला मात्र सांगितलं होतं. तो भडकला. "बाबांच्या दिवशी कार्टून? डोकं फिरलंय का तुझं? हा दिवस बाबांची आठवण काढायचा आहे, खी खी करायचा नाही. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, म्हणू देत. तो म्हणाला, "तू शिकलीस ती बाबांमुळे, आणि आता त्यांचाच पोरखेळ करतेस." मी म्हटलं, शिकले म्हणूनच करतेय.

तर रविवारी हॉल भरला. कधी नव्हे एवढा, कारण प्रबोधनपर होतं ना! पुढच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या पांढऱ्या साड्यांत, हात जोडून. दोन-तीन कॉलेजची पोरं वह्या उघडून टिपणं काढायला बसलेली. आईचे गुडघे गेलेत, तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. वंदना झाली, पडदा उजळला, आणि पडद्यावर चष्मा लावलेला उंट. कुणी हललं नाही. पाचेक मिनिटं लोकांना वाटत राहिलं की हे आधीचं काहीतरी आहे, खरा सिनेमा पुढं येईल. एक आजी शेजारणीला म्हणाली, "थांब गं, आता दाखवतील." पोरं हसू दाबून आयांच्या तोंडाकडे बघत होती. मग काकांच्या लक्षात आलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, उठले आणि बाहेर गेले. दादा प्रोजेक्टरच्या वायरीकडे निघाला. बाबा, मला वाटलं, तो काढेल, आणि मी काही बोलणार नाही, मनगट धरलेल्या पोरीसारखी निमूट बाहेर जाईन.

तेवढ्यात पडद्यावर उंटांची आजी आली. दात नसलेल्या तोंडानं चरचर चारा चावतेय आणि बोलतेय, या घरात मला दोन दिवसांत कुणी खायला विचारलं नाही. आणि आई जोरात म्हणाली, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी, "अगं बाई! ह्या तर आमच्या सासूबाई!"

तुमच्या आईला म्हणाली, बाबा. तुमच्या फोटोसमोर. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना तुमची आई चांगली ठाऊक. एक फुटली, दुसरी फुटली, मग सगळ्याच पदर तोंडात कोंबून डोलायला लागल्या. आया हसल्या म्हटल्यावर पोरांना मोकळीक मिळाली. दादा वायर हातात धरून उभाच. आई त्याला म्हणाली, "बस खाली. बघू दे मला." आणि पन्नाशीचा तुमचा मुलगा खाली बसला.

गावच्या शाळेत तुम्हाला दाराबाहेर बसवून धडा वाचायला लावला आणि तुमच्या उच्चारांवर अख्खा वर्ग हसला, हे मला आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. तुम्ही कधीच बोलला नाहीत. त्या पायऱ्यांवर तुम्ही असं का बोललात ते मला कळतं. पण तरी मी भांडणार. ज्यांनी पाणी अडवलं त्यांच्याकडून आपण पाणी घेतलं. ज्यांनी अक्षर अडवलं त्यांच्याकडून अक्षर घेतलं, आणि तुम्ही तर शब्दकोशच आणलात. मग हसणं तेवढं त्यांच्या दारात का ठेवून आलात? ते आपल्यावर हसले म्हणून हसणं त्यांच्या मालकीचं झालं का? माझी लेक शिकेल. आपल्या सात पिढ्यांत कुणी शिकलं नाही एवढं शिकेल. आणि नाकातून सोडा येईस्तोवर हसेलही. तिला दोन्हीला वेळ आहे. तो वेळ तुम्हीच शिफ्टा करून कमावलात आणि स्वतः मात्र एक मिनिट वापरला नाहीत, याचाच मला राग आहे.

माफीनामा मी देणार नाही. हॉल नाही दिला तर आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पडदा लावीन. काकांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडेन, कारण फळ्यावरच्या त्या शब्दांनी मी त्यांना लोकांत तोंडघशी पाडलं. पण ते त्यांच्यापुरतं. उंटांबद्दल नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, दादाला तर नाहीच, कारण एका बाबतीत त्याचं खरं ठरलं. हा दिवस बाबांची आठवण काढायचा, म्हणाला होता. सिनेमा दीड तासाचा होता. मी आईच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसले होते, लेक माझ्या मांडीवर आडवी, आणि आई वरून माझ्या खांद्यावर हात आपटून हसत होती. दिवे लागले, समोर तुमचा हार घातलेला फोटो दिसला आणि मी दचकले. त्या दीड तासात, बाबा, मला तुमची एकदाही आठवण आली नव्हती.