न भरलेला फॉर्म

रविवार, ९ मार्च

मुदत शुक्रवारी संपली. मला कळलं आज. तेही पाहुणीकडून!

अमिषाताई ठाण्याच्या. वर्षातून दोन-तीनदा मुरुडला येतात, उतरतात आमच्याकडेच, वरच्या खोलीत. म्हणजे माझ्या थोरलीच्या, क्षिप्राच्या. शनिवार-रविवार ती खोली पाहुण्यांना आणि क्षिप्रा माजघरात, हे पाहुणे ठेवायला लागल्यापासून ठरलेलंच. सकाळी घावने वाढत होते. त्या सहज म्हणाल्या, "फार नाही ना रागावलात तिला? मेडिकलचा फॉर्म भरला नाही म्हणून?"

मी "छे हो" म्हणाले आणि आत गेले. तव्यावरचा घावन पार करपला.

दोन वर्षं अलिबागचा क्लास. पहाटेची एसटी. गेल्याच आठवड्यात विचारलं होतं, "भरलास ना गं?" "हो," म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून!

सोमवार, १० मार्च

क्षिप्राशी बोलले. म्हणजे मीच बोलले.

"मला डॉक्टर व्हायचं नाही."
"मग काय व्हायचंय?"
"अजून माहीत नाही."
"आणि हे त्या परक्या बाईला सांगितलंस?"
"त्यांनी विचारलं."

म्हणे एका शनिवारी वही वर राहिली म्हणून हिने दार वाजवलं. त्यांनी आत बसवून घेतलं, विचारलं, "खोली तुझी ना? मग तू कुठे झोपतेस?" झालं. एवढ्यावर पोरगी त्यांची झाली.

मी काय कमी केलं? तीन वर्षांची असताना भर बाजारात लोळण घेतली, तर मारलं नाही, तिथेच बसून राहिले, लोक हसले तरी. पाळी आली तेव्हा तिला बाजूला बसवू दिलं नाही, त्यापायी सासूबाईंनी सहा महिने अबोला धरला. तिचा फोन आजवर उघडून बघितला नाही. फॉर्म तिचा तिने भरावा, मुलांवर विश्वास टाकावा, हे शाळेच्या पालकसभेत मीच सांगते. टाकला. घ्या आता.

मंगळवार, ११ मार्च

सलिलला, माझ्या नवऱ्यालाच, ठाऊक होतं. जानेवारीपासून! वाडीत शिंपणं करता करता सांगून मोकळा झाला. "तिने शपथ घातली होती." आणि एकोणीस वर्षं एका ताटात जेवलो, त्याचं काय?

मामंजींनासुद्धा ठाऊक. सुपारी कातरत म्हणाले, "मला सांगितलंन तिने. तू रागावशील म्हणून नाही गो घाबरत ती. तू रडशील म्हणून."

म्हणजे घरात न कळलेल्या दोघीच. मी आणि आठ वर्षांची श्रद्धा. मी मोरीत तोंड धुतेय, तर ती येऊन बिलगली आणि तीही रडायला लागली. मग म्हणाली, "आई, आपण का रडतोय?"

ही खोटं बोलते तेव्हा कान लाल होतात. धाकटी आहे तोवर सोपं आहे.

बुधवार, १२ मार्च

वाढते, उचलते. कुणाशी बोलत नाही. फसवलं सगळ्यांनी मिळून.

शुक्रवार, १४ मार्च

शिमग्याची गर्दी, गावात खोली मिळत नाही. तरी वरच्या खोलीच्या पाहुण्यांना फोन करून नाही म्हटलं. चादरी बदलल्या, तिची पुस्तकं परत फळीवर लावली. तिला वर नेलं. म्हटलं, "आजपासून ही तुझी. कुणाला देणार नाही."

खिडकीशी उभी राहिली. "राहू दे ना आई. मला माजघरातच झोप लागते आता."

मला वाटलं होतं, गळ्यात पडेल.

शनिवार, १५ मार्च

खोली रिकामी. अमिषाताईंना मेसेज लिहिला, तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला. "आमच्या घरचं खाऊन माझी मुलगी माझ्यापासून तोडलीत. पुन्हा येऊ नका." पाठवून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

रविवार, १६ मार्च

त्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ताई, दिवाळीत मी तुम्हाला विचारलं होतं. ओळखीतल्या एका मुलीला मेडिकल नकोय, आईला सांगायला घाबरते, काय करावं? क्षिप्रानेच विचारायला लावलं होतं."

आठवलं. चहा पीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "पोर घाबरते म्हणजे आईतच खोट आहे. अशा बायका समजून घेतल्याचं सोंग आणतात, मग रडून पोरीला हो म्हणायला लावतात. तिला कळूच देऊ नका. फॉर्मची तारीख जाऊ दे, मग सांगा."

क्षिप्रा तिथेच होती. कप उचलत होती.