पाळण्याची कडी

मंगळवार, २ डिसेंबर

काल घाईत एक चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. या घरात पाळणा टांगायला कडी नाही, असं लिहिलं होतं. आहे. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात, वरच्या वाशाला. काल तिथे आंब्याच्या रिकाम्या पेट्या छपरापर्यंत रचलेल्या होत्या, म्हणून दिसली नाही. आज त्या पेट्या घरमालक आत्मारामकाकांच्या पडवीत गेल्या आणि कोपरा मोकळा झाला.

मिरजोळ्यातली ही एक खोली आणि स्वयंपाकघर, पण सामान हलवल्यावर केवढी मोठी वाटायला लागली. ट्रंक पलंगाखाली गेली, कॅरमबोर्ड भिंतीला उभा राहिला. सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी गावाहून आल्या आहेत. म्हणाल्या, जागेची काळजी करू नको, तुझ्या नवऱ्याचं पोट सुटलंय, बाळ त्यावरच झोपेल. सागरने शर्ट खाली ओढला आणि जयगडला बंदरावर कामाला निघून गेला. मी कितीतरी वेळ हसत होते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

इथे खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. कुलूप, खिडकीचे गज, नवी विळीसुद्धा, सगळ्यांवर तांबूस पूड धरते. कडीवरही आहे. पण तिच्या आतल्या वळणावर नाही. तिथे ती चकचकीत आहे, रोज काहीतरी घासलं जात असल्यासारखी.

आत्मारामकाकांना विचारलं. म्हणाले, आधी दोन ट्रक ड्रायव्हर राहायचे, त्यांचं कुठलं मूलबाळ इथे. बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही. मला तसं वाटलं, खात्री नाही.

सासूबाईंचं म्हणणं, बाळ येईपर्यंत पाळणा टांगायचा नाही, रिकामा झोका हलवू नये. पाळणा गुंडाळून ट्रंकेत ठेवला आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

कोपऱ्यात दुपट्यांची चळत ठेवली होती, जुन्या लुगड्यांची, सासूबाईंनीच शिवलेली. सकाळी ती माझ्या उशाशी होती. परत नेऊन ठेवली. जेवून आले तर पुन्हा पलंगावर, नीट घडी घातलेली. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, एवढी शिकलीस आणि ठेवलेलं आठवत नाही होय? सागर कामावर होता. मग त्यांच्याशिवाय कोण हलवणार?

लांज्याहून आईचा फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, कधी येतेस म्हणाली. सासूबाईंनी फोन हातातून घेतला आणि सांगितलं, एवढ्यात नाही पाठवत. कारण सांगितलं नाही. मलाही नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

दुपारी पडले होते. कर्र-कर्र असा आवाज आला म्हणून डोळे किलकिले केले. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. एक हात पुढे जात होता, मागे येत होता. हातात दोरी नव्हती.

काय करताय विचारलं, तर म्हणाल्या, "मच्छर हाकलतेय गो बाय." उठून चहा ठेवला. पण चहा होईपर्यंत माझ्या पोटाकडेच बघत होत्या.

सागरला सांगितलं. म्हणाला, आईवर संशय घेऊ नकोस. मी घेते आहे. इथे खोटं लिहिणार नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

सासूबाई भाच्याच्या साखरपुड्याला गेल्या. निघताना दोनदा उंबऱ्यातून परत आल्या.

दुपारी तोच आवाज. घरात मी एकटी. आधी हळू, मग जोरात, वासा हादरेपर्यंत. आणि पोटातलं बाळ थांबलं. एकदम.

कसं सुचलं माहीत नाही. कडीखाली जाऊन बसले आणि हात पुढे-मागे करू लागले. हाताला काही लागत नव्हतं, पण जड होतं. आवाज मंदावला. बाळ हललं.

त्या परत येईपर्यंत हलवत होते.

मंगळवार, १६ डिसेंबर

सासूबाई रडल्या. पेट्या निघाल्या त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. झोका थांबला की तुझं पोट कडक व्हायचं, तू झोपेत कण्हायचीस, म्हणून हलवत होते म्हणाल्या. दूर पाठवलं आणि तिथे काही झालं तर, या भीतीने पाठवत नव्हत्या.

जागा आपण केली, म्हणाल्या, पण ती कुणाची तरी होतीच. आपलं बाळ आलं की त्या आधीच्याने कुठे जायचं?

माझा संशय चुकीचा होता. तोही दुरुस्त करते.

सोमवारी सागरला सुट्टी. तो मला लांज्याला सोडेल. सासूबाई इथेच राहणार. कोणीतरी हलवत राहायला हवं.

शनिवार, २० डिसेंबर

आवाज नाही. सासूबाई हात हलवतात तरी नाही. हाताला हलकं लागतं म्हणतात.

स्टुलावर चढून पाहिलं — चढायला नको होतं. कडी आतून तांबूस. बोटाला पूड लागली. आता तिथे काही घासत नाही.

दुपटी कोपऱ्यात ठेवली. तिथेच राहिली. कोपरा मोकळा झाला.

मग ते आता —

रविवार, २१ डिसेंबर

लाथ नाही. कालपासून एकही नाही. हलतं, पण पुढे — मागे — पुढे —

सासूबाईंनी पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. हात मात्र तसाच हवेत, पुढे-मागे —

कर्र — वरून नाही —

आईला सांगितलेलं नाही. तिनेही कोपरा झाडून ठेवलाय, माझ्यासाठी आणि — कितीजणांसाठी, ते तिला —

तरी निघणारच. इथे राहून काय — रिक्षा सांगितली आहे. उद्या उजाडताच. सोमवार, २२ डिसें