पेटी म्हणजे बाजाची पेटी

मी, कडुबा लक्ष्मण साळवे, वय ७४, शिक्षण चौथी, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट घरातले सगळे लिहू नका म्हणतात.

१. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते औरंगपुऱ्यात टाइप करून घेतले होते. मी 'माझी पेटी दवाखान्याला' असे सांगितले, तर टाइप करणाऱ्याने आपल्या मनाने 'लोखंडी पेटी' केले. मी न वाचता सही करून बसलो. म्हणजे गोधड्यांची ट्रंक दवाखान्याला, आणि माझी हार्मोनियम कोणाचीच नाही! आठ दिवस जेवण गेले नाही. या कागदात पेटी म्हणजे बाजाची पेटी, भात्याची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची.

२. दोन खोल्यांचे घर मुलगा संघपाल याला. पेटीवर मात्र त्याचा हक्क नाही. तो म्हणतो, "दादा, तिथं पोरं तापानं फणफणतेत आन तुमचं पें पें. बोलावलं कोणी तुम्हाला?"

कोणी बोलावले नव्हते, हे खरे. त्याचीच मुलगी अपेक्षा लहान मुलांच्या वॉर्डात एकवीस दिवस होती, तेव्हा मी पेटी नेली. सुलेखा सिस्टर दारातच म्हणाल्या, "बाबा, दवाखाना हाय ह्यो, लग्नाचा मांडव नाय." मी म्हणालो, "हळू वाजवतो." अपेक्षा बरी होऊन घरी आली. मी दर मंगळवारी जातच राहिलो, त्याला नऊ वर्षे झाली. आता उशीर झाला तर सिस्टरच फोन करतात.

३. विचार बदलला, पेटी दवाखान्यालाही देत नाही. तिथला कारभार बघणारे अप्पाराव साहेब ती काचेच्या कपाटात ठेवू म्हणतात, वर माझा फोटो. कपाटात पेटी वाजते का?

४. पेटी तनुजा गोकुळ काकडे हिला द्यावी. ही अजिंठ्याची. तिचा सार्थक तीन महिने त्या वॉर्डात होता. माझ्या शेजारी बसून भाता ओढता ओढता ती वाजवायला शिकली. सार्थक राहिला नाही. दोन महिन्यांनी ती परत आली आणि तिने भात्याला हात घातला. हल्ली शेंद्र्याला कंपनीत आहे, सुट्टी मंगळवारची. संघपाल म्हणतो, "तिला चारच गाणी येतेत." मीही चौथीच शिकलो. कागद लिहायचा थांबलो का?

५. तनुजाने प्रत्येक खाटेपाशी आधी पोराला विचारावे, "वाजवू का?" नाही म्हणाले तर पुढे जावे. त्याला सुईला नाही म्हणता येत नाही, सलाइनला नाही म्हणता येत नाही. पेटीला तरी म्हणू द्यावे. अप्पारावांनी एकदा नाही म्हणणारे पोर फोटोसाठी उठवून बसवले. मी पेटी मिटून निघून आलो. ते मी विसरलेलो नाही, त्यांनीही विसरू नये. पोरे झोपली की एक गाणे त्यांच्या आयांसाठी. कोणी आई रडली तर वाजवणे थांबवू नये.

६. मला मरण मंगळवारी आले तर तनुजाने आधी वॉर्डात जावे, मग माझ्या मातीला यावे. लोक नावे ठेवतील, ठेवू द्यावीत. मी कुठे पळून जात नाही.

वरचा मजकूर तीनदा वाचला. चुका असतील त्या शुद्धलेखनाच्या, इराद्याच्या नाहीत.

सही: कडुबा लक्ष्मण साळवे

आमच्यासमोर सही केली:
१. कचरू भिवा खंडागळे, शेजारी
२. सुलेखा वाघमारे, परिचारिका

छत्रपती संभाजीनगर, ९ जानेवारी २०२६