शुक्रवारचं तेल

६ मार्च, शुक्रवार
टी. नगरच्या क्लिनिकात आज पहिली खेप! मशीन मांडीची कातडी आत ओढून घेतं — जीव गेला माझा. पण खळगे जातील म्हणे. सेल्युलाइट! नाव केवढं, आणि दिसतं संत्र्याच्या सालीसारखं. लग्न होऊन इकडे तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरला आल्यापासून सोसायटीचा स्विमिंग पूल नुसता खिडकीतून बघतेय. यंदा पोहायचंच.

तेल बंद, म्हणाल्या डॉक्टर. आता सासूबाईंना काय सांगू? शुक्रवारी सुनेला तेल लावून न्हाऊ घालणं हा त्यांच्या तंजावरी घरातला नेम. आमच्या नाशकात कोण करतं एवढं! सर्दी झालीय म्हटलं.

२७ मार्च
आजही सर्दीच. आईंनी मिरीचं रसम केलं, मी गुपचूप प्यायले. रोजच्यासारखा सासऱ्यांच्या फोटोला गजरा घातला. मांड्या ठणकतायत.

१६ एप्रिल
शेवटची खेप. डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी धरले. मी एकाकडे बोट दाखवून म्हटलं, "अय्या, केवढा फरक!"

तो आधीचा होता!!

खळगे आहेत तिथेच, वर निळे डाग. ऑटोत रडले.

१७ एप्रिल, शुक्रवार
खड्ड्यात गेलं क्लिनिक. तेलाला बसले. परकर जरा वर झाला आणि आईंचा हात थांबला. "ऐय्यो! कोणी मारलं गे?" मी तोंड उघडायच्या आत बाई तेलकट हातांनी बाहेर — माझ्या नवऱ्याची, वेंकटची कॉलर धरलेली! "माझ्या घरात हे चालायचं नाही. हिला घेऊन मी निघते!" बिचारा तोंडात इडली धरून उभा.

खरं सांगितलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाट पुन्हा ओढला, डागांवरून हलक्या हातानं तेल फिरवलं. "पूलात जायचं तर जा की. मी येते संगती." पोटच्या पोराला सोडून माझ्यासोबत निघाली होती ही बाई! कुठलं पुण्य माझं, कोण जाणे.

१९ एप्रिल
पोहले! खळग्यांसकट! आई पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडून. कोणी बघितलं असेल तर बघू दे.

विचारलं, "आई, तुमच्या मनात एकदम मारच कसा आला?"

पाण्याकडे बघत म्हणाल्या, "'कोणी मारलं' म्हणून मला तेव्हा कोणी विचारलं नाही गे."

२० एप्रिल
सासऱ्यांच्या फोटोला गजरा घातला नाही. आईंनीही आठवण करून दिली नाही.