पाटीचा पत्रा

गुरुवार, रोहा

शाळेसमोरच्या टपरीवरची तंबाखूच्या जाहिरातीची पाटी आज उतरवली. आम्ही कॉलेजच्या तंबाखूविरोधी मोहिमेतल्या चौघीजणी. टपरीवाले काका भांडतील वाटलं होतं, तर त्यांनी स्टूलच काढून दिलं. म्हणाले, "न्या गो पोरींनो. कंपनीवाला नवी लावून जाईल."

फोटो काढले. पाटीचा पत्रा ठेवायला कुणाकडे जागा नव्हती, म्हणून मी घरी आणला.

संध्याकाळी पाहते तर पत्रा परसातल्या चुलीवर. रंगाची बाजू खाली, आणि वर आई मशेरीसाठी तंबाखू भाजतेय.

"चांगला पत्रा हाय. जुना तवा पार फुटला व्हता," म्हणाली. मग पाणी भरायला उठली. "जरा हलव गो, नायतर करपंल."

मी बसले. लहानपणापासून हलवते तशीच हलवत राहिले. रंग जळल्याचा वास येत होता.

मोहिमेच्या अर्जात विचारलं होतं, घरात कुणी तंबाखू वापरतं का? मी 'नाही' लिहिलंय. खोटं लिहिलं का? तसंही नाही. मशेरी आठवलीच नाही. मशेरी म्हणजे दात घासणं, एवढंच डोक्यात.

रडू येत नाही. रागही नाही. फक्त तो पत्रा दिसतोय.

जेवताना आमटी फिकीच. गालात आतून झोंबतं म्हणून आई दोन महिने तिखट टाकत नाही. इतके दिवस मी वरून तिखट घालून जेवत होते.

आज नाही घातलं.