तुम्हाला उठवण्यापुरतं बळ

पुणे, रविवार

अहो,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथे बरी आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. वन्सं, जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

गणपतीत तुम्हाला पलंगावरून उठवताना मी पडले, तेव्हापासून इथे संदेशकडेच आहे. मनाली नावाची मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. पायांना वाळूच्या पिशव्या बांधते, रबरी पट्टा ओढायला लावते. साखर उतरली, हात न टेकता खुर्चीवरून उठते. डॉक्टर खूश आहेत.

तुमच्या डाव्या हाताची बोटं हलतात का? नारळ उतरवून घेतले का?

काल मी आपल्या संदेशला म्हटलं, "आता मला घरी बोर्लीला सोड." तो पलंगावर आडवा झाला, अंग सैल सोडलं आणि म्हणाला, "मी बाबा आहे असं समज. उठवून बसव मला."

मी सगळा जोर लावला. त्याची पाठ गादीवरून सुटली नाही. तो तसाच पडून रडायला लागला.

वन्सं त्यांच्या घरी गेल्या की तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतोय. मला नाही म्हणता आलं नाही. एवढे महिने केलं ते माझ्याच अंगी लागलं, तुमच्या उपयोगाचं काही झालं नाही.

वन्सं सांगत होत्या, तुम्ही हल्ली अर्धीच भाकरी खाता. मला उचलायला हलकं जावं म्हणून का हो? असं नका करू. पोटभर जेवा.

तुमचीच,
कोकिळा