मनोऱ्याचं वळण

ता. २ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे, मीही बरी आहे आणि तुमच्या मागच्या पत्रातलं हवामान आम्ही दोघींनी वाचलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही हे शहर सोडून लेकीकडे, आमच्या ताईकडे राहायला गेलात, तेव्हापासून तुमच्या पत्रात हवेशिवाय काही नसतं. आज मात्र मला वेगळं उत्तर हवंय.

या महिन्यात आमच्या सभागृहात दातांच्या डॉक्टरांची परिषद आहे. तीनशे पाहुणे! पाहणीला येऊन गेलेले दोघं बोलताना माझ्या दातांकडेच बघत होते, त्यामुळे मी हसणं सोडलंय. पाहुण्यांच्या सहली माझ्याकडे आहेत. मुख्य बाईंनी जुन्या शहराची पायी फेरी काढूनच टाकली होती. बसच्या काचेतून तासाभरात सगळं दाखवून आणायचं, म्हणे. मी हटून बसले. शेवटी एक फेरी पदरात पडली. वीस तारखेची दुपार, चाळीस माणसं, आणि सहाच्या ठोक्याला चाळीसच्या चाळीस जेवणाच्या हॉलमध्ये हजर पाहिजेत. एक जरी हरवला किंवा उशिरा आला, तर पायी फेरी कायमची बंद.

चाळीस वर्षं तुम्ही ती फेरी नेलीत. रस्ता लिहून कळवा. सगळं डोक्यात आहे असं सांगू नका, डोकं तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

राग ऑफिसवर असू द्या, माझ्यावरची माया तेवढी पातळ होऊ देऊ नका.

तुमची
ठकू


ता. ६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

इथे ढग आहेत. एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो. गुडघा दुखतोय म्हटल्यावर ज्या ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ हातात देऊन मला वाटेला लावलं, त्यांच्या पाहुण्यांचं मला काय पडलंय? पण तू माझ्या बहिणीची मुलगी. हट्टाला पेटलीस की ऐकायची नाहीस.

लिहून घे. कापडबाजाराच्या कमानीतून आत. विहिरीशी डावीकडे. सोनारांच्या ओळीत उजवीकडे, तिथून पायऱ्या उतरून पुन्हा डावीकडे. कुंभारांच्या भिंतीच्या कडेने जाऊन उजवीकडे वळलं की मनोरा. त्या वळणावर एक शब्द बोलायचा नाही, ज्याचं त्याला बघू द्यायचं. गाईडने कायम पाहुण्यांकडे तोंड करून उलटं चालावं. पाठ फिरवलीस की चारजण दुकानात शिरलेच म्हणून समज. दर वळणावर मोजणी कर. जो सगळ्यात हळू चालतो त्याला सगळ्यात पुढे ठेव.

मला तिकडे बोलावू नकोस, मी येणार नाही. आईला सांग, औषध वेळेवर घे.

कुरकुरत का होईना, तुझाच
मामा


ता. १२ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल टायपिस्टबाईंना बरोबर घेऊन तालीम केली. तुमचं पत्र हातात. विहिरीशी डावीकडे वळलो ते थेट एका घराच्या परसात, ओल्या चादरींमध्ये. चादरींची मालकीण अंगावर धावून आली. परत फिरलो, पत्र वाचलं, पुन्हा वळलो, पुन्हा चादरी. सोनारांच्या ओळीत अंदाजाने पोचलो, तर उजवीकडे नुसती भिंत. टायपिस्टबाईंनी ही गोष्ट ऑफिसभर केली. मुख्य बाई बसवाल्याला फोन करायला निघाल्या होत्या, मी हातापाया पडून अठरा तारखेपर्यंत मुदत मागून घेतली.

मामा, तुम्ही रस्ता विसरलात, की रागाच्या भरात मुद्दाम चुकीचा लिहिलात? हे लिहिताना मला रडू येतंय, तरी विचारते. विसरला असाल तर तसं सांगा. मी गल्ली न् गल्ली पालथी घालेन. बस लावणार नाही.

रागावलेली असले तरी तुमचीच
ठकू


ता. १५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी मलाच राग आला. मग उठलो आणि इथल्या पॅसेजमध्ये मनातल्या मनात तो रस्ता चालायला लागलो. पाय आपोआप उलटे पडायला लागले. तुझी ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बापाला भुताने धरलंय की काय म्हणून ओरडली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अगं, मी त्या रस्त्याने चाळीस वर्षं उलटा चाललो. माझा डावा हात म्हणजे तुझा उजवा. सगळं फिरवून वाच. फक्त पायऱ्या मी सरळ उतरायचो आणि खाली तसाच वळायचो, तिथलं डावं ते डावंच.

आणखी एक कबूल करतो. मनोरा पायथ्याशी उभं राहून मी हजारदा पाहिला. पण त्या वळणावरून तो एकदम समोर येतो तेव्हा कसा दिसतो, ते मला माहीत नाही. तो माझ्या पाठीशी असायचा. लोकांचे चेहरे बदलले की मी समजायचो, आला. दोन वर्षं इथे बसून हेच मला खुपतंय आणि मी ढगांबद्दल लिहितोय.

चूक माझी. मागे हटू नकोस.

तुझा
मामा


ता. २१ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

झाली फेरी! पत्र उलटं वाचलं आणि रस्ता सरळ लागला.

सोनारांच्या ओळीत मोजले तर एकोणचाळीस. पण चुकलेला माणूस कुठे पोचतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत? बाकीच्यांना तिथेच थांबवून धावत चादरींच्या परसात गेले. आमचे एक म्हातारे डॉक्टर तिथे उकिडवे बसले होते आणि मालकीणबाई त्यांना आपली दाढ दाखवत होत्या. त्यांना उठवून आणलं आणि सगळ्यात पुढे ठेवलं. सहाला सात मिनिटं कमी असताना चाळीसही हॉलमध्ये होते. मुख्य बाईंनी स्वतः दोनदा मोजले. पुढच्या महिन्यात पूल बांधणारे इंजिनियर येतायत, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पायी फेरी छापायला गेलीसुद्धा.

वळणावर मी एक शब्द बोलले नाही. चेहरे बदलले, मामा. म्हातारे डॉक्टर आ वासून उभे राहिले, त्यांचेच दात मला मोजता आले. मला तुमची फार फार आठवण झाली.

सोबत बिल्ला पाठवलाय, त्यावर पाहुणे असं लिहिलंय. ऑफिस बोलावत नाही, मी बोलावतेय. वाटेत बसायला अकरा जागा हेरून ठेवल्यात. उलटं मी चालेन, तुम्ही सरळ चालायचं. नाही म्हणालात तर न्यायला येईन.

वाट बघणारी
ठकू


ता. २५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारच्या गाडीने निघतो. गुडघ्याला विचारलेलं नाही. ताईने बिल्ला शर्टाला लावून दिला आणि हसत सुटली. कुंभारांच्या भिंतीजवळचा कट्टा डुगडुगतो, तो धरू नकोस, म्हणजे दहाच जागा झाल्या.

वळणावर गप्प राहा. माझा चेहरा नीट बघून ठेव आणि कसा दिसला ते घरी आईला सांग. मला त्या वेळी मनोरा बघायचा आहे.

तुझा पाहुणा
मामा